ख्रिस्ती विद्यापीठात आंतरविद्याशाखीय मानव्यविद्या शिकवायची असेल तर

मराठवाड्यात नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा होऊन सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेणारी मंडळी गावोगाव आहेत. त्यातल्या काहींचं मन एका विषयात मावत नाही. मराठीचा पेपर शिकवताना ते इतिहासात शिरतात, इतिहासाच्या तासाला भारूड म्हणून दाखवतात. अशांसाठी ख्रिस्ती संस्थांमधल्या मानव्यविद्येच्या जागा हा गंभीरपणे विचार करण्यासारखा रस्ता आहे. या संस्थांत साहित्य, तत्त्वज्ञान, धर्म आणि इतिहास एकत्र शिकवण्याची परंपरा जुनी आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर असे पेपर घेणारी माणसं सगळ्यांनाच हवी आहेत. पण तयारी कशी करायची, कागद कसे जुळवायचे आणि वर्गात नेमकं काय करायचं, हे विचारायला गेलं की जो तो आपापल्या विषयापुरतंच सांगतो.

पाया एकाच विषयाचा

आंतरविद्याशाखीय शिकवायचं म्हणून पदव्याही आंतरविद्याशाखीय घ्यायच्या, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला एम.ए.ला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट आहे. त्यावर नेट किंवा सेट हवी. २०२३च्या दुरुस्तीपासून नेट-सेट ही किमान पात्रता झाली आणि पीएचडी ऐच्छिक. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते ‘संबंधित विषय’ या दोन शब्दांवर. छाननी समिती तुमची एम.ए., नेट आणि पीएचडी हे तीन कागद शेजारी ठेवते. एम.ए. मराठी, नेट तौलनिक धर्माभ्यासात आणि पीएचडी ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ या शाखेत असेल, तर तीन कागद तीन दिशांना तोंड करून बसतात. माणूस हुशार आहे हे समितीला दिसतं, पण शेऱ्याच्या रकान्यात ‘विषय संबंधित नाही’ असंच लिहावं लागतं. संस्था अल्पसंख्याक असली तरी किमान पात्रतेतून तिची सुटका नाही.

म्हणून एम.ए., नेट आणि पीएचडीची नोंदणी एकाच जुन्या, सर्वमान्य विषयात ठेवावी आणि आंतरविद्याशाखीयता प्रबंधाच्या विषयात आणावी. पीएचडी मराठीचीच, पण विषय गोदाकाठच्या संतसाहित्यातलं पाणी आणि गावगाडा, असं चालतं. मार्गदर्शक मराठीचे आणि सहमार्गदर्शक इतिहासाचे किंवा समाजशास्त्राचे घ्यावेत. त्याची मंजुरी नोंदणीच्या वेळीच लेखी मागावी. दोन वर्षांनी नाव घालायला गेलं की संशोधन समितीपासून पुन्हा सगळं सुरू होतं.

विद्यापीठातल्या जागेसाठी मुलाखतीला बोलवायची यादी गुणांवर लागते. पीएचडीला ३०, जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीसह नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३. शोधनिबंधाला प्रत्येकी २ आणि जास्तीत जास्त १०. अनुभवाला वर्षाला २, तेही १०च्या वर नाही. म्हणजे पीएचडी कागदावर ऐच्छिक असली तरी यादीत वर यायचं तर तिच्याशिवाय भागत नाही. उलट शोधनिबंधांचा ढीग लावूनही पाचाच्या पुढं फायदा शून्य. पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलांचा धंदा आपल्याकडं जोरात चालतो. यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळं दर्जा पारखायची जबाबदारी आता संस्थेवर आणि तुमच्यावर आली. मुलाखतीत जाणकार माणूस त्यातला एखादा निबंध उघडून संदर्भ विचारतो, तेव्हा तोंडघशी पडायची वेळ येते. पाचच निबंध द्या, पण प्रत्येकावर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे.

नेटच्या फॉर्मवर ओबीसी उमेदवारांनी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र जोडावं. राज्याचं तिथं चालत नाही, आणि काही जाती राज्याच्या यादीत असून केंद्राच्या यादीत नसतात. तहसीलमध्ये जायच्या आधी यादी तपासावी.

दुसऱ्या विषयासाठी पदव्या गोळा करत बसण्यापेक्षा एक साधन शिकावं. मराठी-इतिहासवाल्यानं मोडी शिकावी, औरंगाबादी दख्खनीत रस असेल तर उर्दू लिपी, बायबलच्या अंगानं जायचं असेल तर प्राथमिक ग्रीक. तीन डिप्लोम्यांपेक्षा मोडीतलं एक पान वर्गात वाचून दाखवता येणं जड ठरतं.

संस्था कोणत्या जातकुळीची

मराठवाड्यात ख्रिस्ती विद्यापीठ नाही, तेव्हा नजर बाहेर टाकावी लागते. बाहेर पाहिलं की चार तऱ्हा दिसतात, आणि अर्ज प्रत्येकीसाठी वेगळा लिहावा लागतो.

पहिली तऱ्हा जुन्या मिशन कॉलेजांची. मुंबईचं विल्सन (१८३२) आणि सेंट झेवियर्स (१८६९), नागपूरचं हिस्लॉप (१८८३), अहिल्यानगरचं अहमदनगर कॉलेज (१९४७). इथल्या अनुदानित जागा शासनाच्या ना-हरकतीवर भरल्या जातात, त्यामुळं जाहिरात यायला वेळ लागतो. अल्पसंख्याक संस्था असल्यानं रोस्टरचा, म्हणजे आरक्षणाच्या बिंदुनामावलीचा, हिशोबही नेहमीसारखा नसतो. जाहिरातीतली तळटीप शेवटपर्यंत वाचावी. दुसरी तऱ्हा अभिमत विद्यापीठांची. बंगळुरूचं क्राइस्ट हे सीएमआय या कॅथलिक संघाचं, १९६९ साली कॉलेज म्हणून सुरू झालेलं, २००८ साली अभिमत झालेलं. त्याचा एक कॅम्पस पुण्याजवळ लवासाला आहे. तिसरी तऱ्हा राज्याच्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या खासगी विद्यापीठांची, जसं पुण्याचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट किंवा शिलाँगचं मार्टिन ल्यूथर ख्रिश्चन. चौथी तऱ्हा सेमिनरींची, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थांची. बऱ्याच सेमिनरींच्या पदव्या सेरामपूरच्या सिनेटच्या असतात. तिथं सामाजिक शास्त्रं आणि भारतीय धर्म शिकवायला बाहेरची माणसं घेतात, पण पगार आणि पदनाम यूजीसीच्या चौकटीत असेलच असं नाही.

पंथाचा फरक बारीक वाटतो, पण रोजच्या कामात तो लगेच कळतो. ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या संस्थेत शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. त्या वेळात तास, परीक्षा, सहल काहीच ठेवता येत नाही, आणि ‘शनिवारी जादा तास घेईन’ असं मुलाखतीच्या वेळच्या डेमो तासात बोलून गेलात तर समोरचे एकमेकांकडं पाहतात. जेझुइट या कॅथलिक संघाच्या संस्थेत अध्यापनाची त्यांची स्वतःची पद्धत विचारतात. संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन या पाच पायऱ्यांची ती पद्धत आहे. ती पाठ करून सांगू नये. आपल्या एखाद्या धड्यात ती कशी बसते हे दाखवावं.

श्रद्धेचा प्रश्न विचारला तर

विचारतातच. इथं दोन चुका सारख्याच घातक आहेत. एक म्हणजे नोकरीसाठी नसलेली भक्ती दाखवणं, आणि दुसरी ‘मी सगळे धर्म मानतो’ असं गुळमुळीत उत्तर देऊन मोकळं होणं. भारतातल्या बहुतेक ख्रिस्ती कॉलेजांत प्राध्यापकांत हिंदू, बौद्ध, मुसलमान असतात आणि संस्थेला ते नवीन नसतं. त्यांना जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की हा माणूस संस्थेच्या ध्येयाला विरोध करत बसेल का, आणि त्यांच्या ग्रंथाकडं आदरानं पण अभ्यासकाच्या नजरेनं पाहू शकेल का. उत्तर तीन वाक्यांत तयार ठेवावं. आपण कोण आहोत, संस्थेच्या ध्येयातलं नेमकं कोणतं काम आपल्याला आपलं वाटतं, आणि वर्गात धर्मग्रंथ कोणत्या पद्धतीनं वाचतो. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती कॉलेजांकडं अर्ज करायचा विचार असेल तर तिथला हिशोब वेगळा आहे. तिथं श्रद्धेचं लेखी निवेदन मागतात, आणि काही ठिकाणी प्राध्यापकाला विश्वास-विधानावर सही करावी लागते. ते पटत नसेल तर अर्जच करू नये. सही करून नंतर कुरकुर करण्यात कुणाचंच भलं नाही.

घटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना संस्था स्थापन करून चालवायचा हक्क देतं. कलम २८(३) सांगतं, की शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्यावर त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना लादता येत नाही. दोन्ही कलमं नीट वाचून जावं. सकाळच्या प्रार्थनेला विद्यार्थ्यांना पाठवायची सक्ती तुम्हाला करायला लावली, तर कायदा कुठं उभा आहे हे आधीच माहीत असलेलं बरं.

डेमो लेक्चर

वेळ साधारण दहा ते पंधरा मिनिटं मिळते, समोर चार-पाच तज्ज्ञ आणि कधी कधी विद्यार्थी. मराठवाड्यातून जाणाऱ्यांची अडचण विषयाची नसते. इंग्रजीत सुरुवात करताना गाडी अडते आणि मग पहिली चार मिनिटं ‘आंतरविद्याशाखीयता म्हणजे काय’ याच्या व्याख्येत जातात. व्याख्या अजिबात देऊ नये. एक वस्तू, एक चित्र किंवा आठ-दहा ओळींचा एक उतारा घेऊन थेट आत शिरावं.

पहिल्या तीन मिनिटांचं इंग्रजी शब्दशः लिहून काढावं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावं आणि वाक्यं अर्धी करावीत. पुढचं मुद्द्यांवर बोललं तरी चालतं. उतारा ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरात छापून दहा प्रती न्याव्यात, कारण प्रोजेक्टर ऐनवेळी दगा देतो. दहा मिनिटांत दोनच विषय एकत्र आणावेत. तीन आणले की प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात आणि एकाचंही काम होत नाही. शेवटी समितीतला त्या विषयाचा माणूस खोलात जाऊन विचारणार, हे धरून चालावं. इतिहासाचं उदाहरण घेतलं तर साल, राज्यकर्ता आणि साधन या तिन्ही गोष्टी पक्क्या हव्यात. वेरूळ घ्यायचं तर लेणी ३४, त्यात १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, आणि १६ क्रमांकाचं कैलास राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळातलं, हे न अडखळता आलं पाहिजे. ‘तिन्ही धर्म गुण्यागोविंदानं नांदले’ हे वाक्य मात्र गिळून टाकावं. तज्ज्ञ लगेच विचारतो, पुरावा काय? नुसतं शेजारी असणं हा नांदण्याचा पुरावा होत नाही.

पेपर बांधायचा कसा

खरं काम इथंच आहे. नव्या धोरणात खुल्या ऐच्छिक गटात असे पेपर बसतात. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास. २ क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास, आठवड्याला २ तास धरले तर १५ आठवडे. यातले दोन आठवडे गॅदरिंग, सुट्ट्या आणि परीक्षांनी खाल्ले जातात. म्हणून आखणी २६ तासांचीच करावी.

मधोमध एक प्रश्न ठेवावा आणि विषय त्याच्याभोवती आणावेत. ‘साहित्य आणि समाज’ असं नाव दिलं की प्रत्येक विभाग आपला एकेक धडा आणून टाकतो आणि पेपरचं कडबोळं होतं. ‘विहीर कुणाची?’ असं विचारलं की कोणता मजकूर लागतो आणि कोणता नको, हे आपोआप ठरतं. मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही, आणि बंगळुरूच्या वर्गात केरळचा, मणिपूरचा, झारखंडचा विद्यार्थी बसला असेल तर त्याच्याकडंही स्वतःचं पाणी असतंच.

या प्रश्नाभोवती सामग्री कमी नाही. मलिक अंबरनं १६१०च्या सुमारास वसवलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी देणारी नहर-ए-अंबरी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ आणि त्यांच्या घरी पाणी भरणारा श्रीखंड्या. २० मार्च १९२७चं महाड. १९७२चा दुष्काळ आणि १९७७चा रोजगार हमी कायदा. पैठणचं जायकवाडी, त्याखाली गेलेली गावं आणि वरच्या धरणांशी दरवर्षी होणारं भांडण. बायबलमधून उत्पत्तीच्या २६व्या अध्यायातला इसहाक, ज्यानं खणलेल्या विहिरींवर गरारचे गुराखी हक्क सांगतात, आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवर येशूला भेटणारी शोमरोनी (समॅरिटन) बाई. सगळं एका सत्रात कोंबायचं नाही. चार स्थानकं निवडायची, प्रत्येकाला सहा तास द्यायचे आणि उरलेले दोन सादरीकरणाला.

एक स्थानक जवळून पाहू. योहान ४ आणि महाड यांचे सहा तास.

पहिल्या तासाला योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या पहिल्या तीस वचनांचं पान हातात द्यावं आणि कुणीही पार्श्वभूमी सांगायची नाही, तुम्हीसुद्धा. मोठ्यानं एकदा वाचायचं. मग फळ्यावर दोन रकाने पाडायचे. एकात जे मजकुरात आहे ते, दुसऱ्यात जे आपण घरून आणलं ते. भर दुपारची वेळ आहे, विहीर खोल आहे, पाणी मागणाऱ्याकडं पोहरा नाही, हे पहिल्या रकान्यात. ‘ती चारित्र्यहीन होती’ हे दुसऱ्या रकान्यात, कारण मजकुरात तिचे पाच नवरे झाल्याचं आहे. ते मेले की त्यांनी टाकलं, हे कुठंच नाही. चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलेली मुलं इथं हटकून अडतात. अडू द्यावं. २८व्या वचनात ती घागर तिथंच टाकून गावात जाते. ती घागर का राहिली, हा प्रश्न देऊन तास संपवावा.

दुसऱ्या तासाला इतिहास. यहूदी आणि शोमरोनी यांचं वैर कशावरून, उपासनेची जागा कोणती यावरचा वाद, आणि एकाच भांड्यातून पाणी पिण्यातली अडचण. तिसऱ्या-चौथ्या तासाला महाड. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनंही तसं ठरवलं, पण अस्पृश्यांपैकी तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. ठराव असून पाणी का मिळत नाही, हा समाजशास्त्राचा प्रश्न. सत्याग्रहानंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. हा कायद्याचा धागा. पाचव्या तासाला दोन्ही मजकूर शेजारी ठेवून फक्त फरक शोधायला लावावेत. साम्यं मुलं स्वतःहून सांगतात. फरक शोधताना डोकं चालतं. योहानात एक माणूस एका बाईकडं पाणी मागतो, तर महाडला हजारो माणसं मागत नाहीत, घेतात.

हे स्थानक बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, यहूदी म्हणजे दुष्ट असा अर्थ वर्गात रुजतो. येशू स्वतः यहूदी होता आणि बाई त्याला तसं तोंडावर म्हणते, हे मजकुरातूनच दाखवावं. दोन, ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही’ असं कुणीतरी म्हणतं आणि तास प्रवचनाकडं झुकतो. त्यासाठी सहावा तास राखून ठेवावा. चर्चमधल्या वेगळ्या बसण्याच्या जागा, आणि १९५०चा अनुसूचित जातींचा आदेश, ज्यात शीख १९५६ला आणि बौद्ध १९९०ला आले पण ख्रिस्ती आजही नाहीत, हे समोर ठेवावं. ख्रिस्ती संस्थेत हा तास घेणं अवघड वाटतं. पण कागद आणि तारखा घेऊन घेतला तर कुणी अडवत नाही. उलट दलित ख्रिस्ती घरातली मुलं त्या दिवशी पहिल्यांदा बोलतात. तीन, सगळं ऐकून वर्ग ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ इथं येऊन बसतो. असं वाक्य उत्तरपत्रिकेत आलं तर गुण नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

मराठवाड्याचा ख्रिस्ती धागा हवा असेल तर जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं बेथेल आहे. धर्मांतर, जमीन आणि नवी वस्ती असे तिन्ही प्रश्न तिथं एकत्र येतात.

दोघातिघांनी मिळून पेपर घ्यायचा असेल तर दर आठवड्याला नवा प्राध्यापक, ही पाहुण्यांची रांग लावू नये. मुलांना चार चांगली व्याख्यानं मिळतात आणि ती जोडायचं काम कुणीच करत नाही. एकाच माणसानं सगळ्या तासांना हजर राहावं. दुसऱ्यानं फक्त आपल्या स्थानकाला यावं, पण त्या तासाला दोघांनी मिळून वर्गासमोर मतभेद करावेत. इतिहासाचा माणूस साधन मागतो आणि साहित्याचा माणूस स्वर ऐकायला सांगतो, हे मुलांना प्रत्यक्ष दिसणं यातच या पेपरची किंमत आहे.

वाचनाचं प्रमाण बेतानं ठेवावं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीची आठवड्याला दोन-तीन पानं पुरतात. त्यातलं अर्धं पान वर्गात मोठ्यानं वाचायचं. वीस पानांची पीडीएफ ग्रुपवर टाकली की ती उघडतसुद्धा नाहीत. मराठी मजकूर परराज्यातल्या वर्गात नेताना मूळ देवनागरी, खाली रोमन उच्चार आणि शेजारी इंग्रजी अर्थ असं एका पानावर मांडावं आणि भारूड एकदा म्हणून दाखवावं. एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद नुसता छापून दिला तर निबंध वाटतो. दोन मुलांना दोन बाजू वाचायला लावल्या की त्यातली चेष्टा आणि चीड दोन्ही कळतात.

सहल काढायची तर वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं. बस ठरवल्यावर हे कळणं नेहमीचंच आहे. एका दिवसात एकच जागा घ्यावी. प्रत्येक गटाला एकच भिंत किंवा एकच खांब द्यावा आणि वीस मिनिटं फोटो न काढता चित्र काढायला लावावं. वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद आणि पाणचक्की एका दिवसात उरकली की मुलांना जेवणच लक्षात राहतं.

तपासणी आणि गुण

साठ मुलांचा वर्ग असेल तर दर आठवड्याला हाती लिहिलेलं एक पान घ्यावं, दीडशे-दोनशे शब्दांचं. एका पानाला तीन मिनिटं धरली तरी आठवड्याला तीन तास जातात, तेव्हा दर वेळी निम्म्याच वर्गाची पानं नीट तपासावी आणि उरलेल्यांवर सही करावी. पान वर्गातच, शेवटच्या पंधरा मिनिटांत लिहून घ्यावं. घरून आणायला सांगितलं की एआयनं लिहिलेली साठ सारखी पानं येतात आणि पोलीस होऊन बसायची वेळ येते.

शेवटच्या प्रकल्पाला २० गुण असतील तर ८ मजकूर किंवा वस्तू नीट पाहिल्याबद्दल, ६ दुसऱ्या विषयाचं साधन वापरल्याबद्दल, ४ दोन्हींत कुठं जुळत नाही हे दाखवल्याबद्दल आणि २ मांडणीला द्यावेत. हे वाटप पहिल्या आठवड्यात कागदावर वाटावं. प्रत्येकाला पाच मिनिटं तोंडी विचारावं. गटातला कोण नुसता नावापुरता आहे, ते दुसऱ्या मिनिटाला कळतं.

वर्कलोड, पगार आणि बढती

आंतरविद्याशाखीय पेपरला विभाग नसतो, म्हणून त्याचे तास कुणाच्याच वर्कलोडमध्ये धरले जात नाहीत. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन असतं. मूळ विभागानं १६ तास दिले आणि वरून हे दोन, असं होऊ द्यायचं नाही. सत्र सुरू व्हायच्या आधी प्राचार्यांचं किंवा डीनचं लेखी पत्र घ्यावं, त्यात पेपरचं नाव, तास आणि कोणाच्या खात्यावर ते धरले, हे असावं. दोघं मिळून शिकवत असतील तर तास कसे वाटले हेही लिहून घ्यावं. तोंडी कबुलीवर भरवसा ठेवला तर डीन बदलले की ती कबुलीही जाते.

नियुक्तिपत्र हातात आलं की मूळ वेतन बघावं. लेव्हल १० ही सहायक प्राध्यापकाची वेतनश्रेणी असेल तर सुरुवात ५७,७०० रुपयांपासून होते. खासगी आणि अभिमत संस्थांत ‘एकत्रित’ पगार लिहिलेला असतो. त्यात महागाई भत्ता आणि पीएफ धरलाय की नाही, परिविक्षा काळ किती, नोटीस किती महिन्यांची, हे ई-मेलवर विचारावं. मूळ गुणपत्रिका जमा करून ठेवायला सांगितल्या तर नम्रपणे साक्षांकित प्रती द्याव्यात.

जुन्या अनुभवाचं काय, हा सीएचबीवाल्यांचा पहिला प्रश्न असतो. कॅस या बढती योजनेसाठी मागची सेवा धरायची तर त्या वेळी पूर्ण पात्रता हवी, निवड रीतसर समितीनं केलेली हवी आणि पगार नियमित प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नको, अशा अटी आहेत. तासिका तत्त्वावरची वर्षं तिसऱ्या अटीवर बहुतेक गळतात. तरी प्रत्येक वर्षाचं नियुक्तिपत्र, रुजू अहवाल आणि अनुभव प्रमाणपत्र जपून ठेवावं, कारण काही संस्था मुलाखतीत ती वर्षं पाहतात.

लेव्हल १० वरून ११ला जायला पीएचडी असेल तर ४ वर्षं, एम.फिल. असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६. पुढं १२ला ५ वर्षं, आणि १३-एला म्हणजे सहयोगी प्राध्यापक व्हायला आणखी ३ वर्षं आणि पीएचडी. या फाइलमध्ये नवा पेपर तयार केल्याचे कागद कामाला येतात, पण अभ्यास मंडळाच्या इतिवृत्ताची प्रत असेल तरच. पेपर मंजूर झाला त्या दिवशीच इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी, त्यावर तुमचं नाव आणि पेपरचा कोड आहे का ते पाहावं, आणि नसेल तर पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम व्हायच्या आत दुरुस्ती करून घ्यावी.